नाव नसलेला नायक

"आजी, तुमच्या सासूनं सगळ्यात कडक अभिप्राय दिला," संपादक मृण्मयी हसत म्हणाली.

प्रकाशनाच्या कचेरीतल्या यंत्रात हस्तलिखित घातलं, की नावानं हाक मारलेलं पात्र ओ द्यायचं आणि कादंबरीबद्दल बोलायचं.

"आणि हे काय म्हणाले?" गजराबाईंनी विचारलं.

"त्यांना हाक कशी मारू? पानोपानी नुसतं 'हे' आणि 'धनी'. नायकच बोलला नाही, तर पुस्तक छापणार कसं? नाव घ्या ना, आजी."

नवरा गेल्यावर, त्याच्याविषयी लिहायचं म्हणूनच गजराबाई अक्षरं शिकल्या होत्या. पण लग्नातल्या उखाण्यानंतर त्याचं नाव त्यांच्या तोंडी आलं नव्हतं. पदर सावरून त्या यंत्राकडे वाकल्या.

"केरबा," त्या कशाबशा म्हणाल्या.

यंत्रातून आधी खोकला आला, मग तोच घोगरा आवाज. "कोण गं बाई तू?"

गजराबाईंनी टेबल घट्ट धरलं. "अहो, मी गजरा."

"खोटं! माझी गजरा कधी नाव घेत नाही. मला बोलवायचं झालं, की बांगड्या वाजवते."

"आजी, काय जिवंत उतरलाय हा माणूस! छापू या," मृण्मयी ओरडली.

गजराबाईंनी झटकन हात यंत्रापाशी नेला आणि मनगट जोरात हलवलं. त्या मोकळ्या मनगटाचा काहीच आवाज झाला नाही.