तिसरं उत्तर

शाळेच्या वेबसाइटवरचं एक पान तिनेच लिहिलं होतं. शाळा सुटली की ते पान डेटाबेसला एकदम दोन प्रश्न विचारायचं: कोणत्या मुलांना घरचे घेऊन गेले, आणि कोण अजून थांबलंय? उत्तरं एकापाठोपाठ एक यायची. मग पान विचारायचं, आणखी काही आहे का? डेटाबेस नाही म्हणायचा.

स्वतःची मुलगी वारल्यानंतर ती आज पहिल्यांदाच कामावर आली होती. दुपारी तिने पान उघडलं, आणि डेटाबेस हो म्हणाला.

तिसरं उत्तर आलं. त्यात एकच ओळ होती. नाव: ठकी. घ्यायला कोण आलं: रिकामं.

मुलीचं ठकी हे नाव फक्त घरात चालायचं.

तिने शेजारच्या सहकाऱ्याला बोलावलं. त्याने सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचून काढला.

"ताई, आपण दोनच प्रश्न विचारलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "ही ओळ काढून टाकू का?"

"नको. एकटीला थांबायची भीती वाटते तिला."

तिने पर्स उचलली, पण निघायचं कुठे तेच तिला कळेना. ती खुर्चीपाशी तशीच उभी राहिली. तेवढ्यात पान आपोआप रिफ्रेश झालं. रिकामी जागा भरली होती.

घ्यायला कोण आलं: आई.

क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने सहकाऱ्याचा हात घट्ट धरला.

"मी तर इथेच आहे ना रे?" तिने विचारलं. "मग तिला घेऊन कोण गेलं?"