लाल धोटा

येडूच्या धोट्यात पुन्हा सूत अडकलं आणि माग पुन्हा उभा राहिला.

सगळं माग खातं धडधडत होतं, मधेच हा एक माग गप्प. शेजारच्या मागावरच्या धुळाप्पानं मान वळवून पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि परत आपल्या कापडाकडं वळला. रामहरी मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांना बसावंसं वाटत होतं, पण खात्यात बसायला जागा नसते.

मागाचं एक काम तोंडानंच करावं लागतं. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, धोट्याच्या बारीक भोकाला ओठ लावायचे आणि श्वासासरशी सूत बाहेर ओढायचं. एवढ्यावरून महारवाड्यातल्या माणसाला या खात्यात आजवर फक्त झाडू मिळाला होता. येडूला माग देणार म्हटल्यावर सगळ्यांनी माग बंद केले. त्याचा उष्टा धोटा उद्या आपल्या हाती आला तर? तेलुगू, कानडी, मराठी, दखनी बोलणाऱ्या या लोकांचं एरवी पाण्याच्या रांजणावरूनही एकमत होत नसे. इथं मात्र झालं. सगळ्यांत चढा आवाज धुळाप्पाचा होता.

मास्तर कामगारांत काम करणाऱ्या एका मंडळाच्या वतीनं गिरणीच्या दारातल्या लिंबाखाली सलोख्याचा वर्ग घेत. शहरावरचा तीस सालचा मार्शल लॉ उठल्यापासून घेत होते. चार भाषांत माना डोलत, आणि उठल्यावर जो तो आपापल्या रांजणाकडं जाई. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. शेवटी मास्तरांनीच तोड काढली. येडूचे धोटे वेगळे ठेवायचे आणि त्यांना लाल रंग द्यायचा, म्हणजे चुकूनही कुणी तोंडाला लावणार नाही. सगळे लगेच कबूल झाले. इतके दिवस शिकवलेलं काही एवढ्या झटकन कुणाला पटलं नव्हतं, आणि याचंच मास्तरांना वाईट वाटलं होतं.

आज सांजच्या भोंग्यापर्यंत बाकीच्यांइतकं कापड निघालं तर माग येडूचा. नाही निघालं तर परत झाडू. असं ठरलं होतं.

पण त्याला शिकवणार कोण? शिकवायचं म्हणजे एकानं ओढून दाखवायचं आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाशी द्यायचा. येडू झाडता झाडता लांबून बघून शिकला होता.

त्यानं ओठ लावले आणि जीव खाऊन ओढलं. सुताऐवजी कापसाचा भुगा घशात गेला. तो खोकत वाकला, पुन्हा धोटा ओठांना लावला. माग उभाच.

जन्म मागावर गेलेल्या माणसाला उभा माग बघवत नाही, रडतं पोर बघवत नाही तसा. धुळाप्पा तरातरा आला.

"आरं, वढ की लेका! फुकतुयास काय?"

त्यानं येडूच्या ओठांपासून धोटा हिसकावला आणि आपल्या ओठांना लावला. गाल आत गेले, सूत बाहेर आलं. धोटा पेटीत टाकून त्यानं दांडा ओढला. माग धडधडायला लागला. धुळाप्पा वळला तो थेट आपल्या मागावर जाऊन उभा राहिला. त्यानं तोंडसुद्धा पुसलं नाही.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. मास्तरांनी भिंतीचा टेका सोडला. कितीतरी दिवसांनी त्यांना शीण गेल्यासारखं वाटलं. ते हसून येडूकडं बघायला लागले. येडूनं हसण्याऐवजी हळूच मान हलवली, नाही म्हणून.

भोंगा झाला. खातं थांबलं, कान तेवढे घुमत राहिले. खात्याच्या मुकादमानं, नरसय्या जॉबरनं, गज लावून कापड मोजलं.

"हातभर कमी आहे," तो येडूकडं न बघता म्हणाला. "उद्यापासून झाडू घे."

मास्तर पुढं झाले. आता एकच वाक्य बोलायचं होतं. ज्याचा आवाज सगळ्यांत चढा होता, त्यानंच आज येडूचा धोटा तोंडाला लावला. येडू त्यांच्या आडवा आला, अंगाला अंग लागू न देता.

"बोलू नगा, मास्तर."

"अरे, तुझा माग हातचा जातोय!"

"जाऊ दे. तुमी बोललासा तर त्येला वाळीत टाकत्याल. मग आमच्यातल्या कुनाला हितं धोट्यापाशी उबं करत्याल व्हय?" त्यानं आवाज खाली आणला. "इसरला हाय त्यो, मास्तर. पार इसरला हाय. तुमी आठवन करून देऊ नगा."

इतके दिवस आपण लिंबाखाली नेमकं काय शिकवत होतो, ते मास्तरांना आठवेना. ते फार दमले होते.

पटका झटकत धुळाप्पा तिथं आला.

"जॉबरसायेब, येडूचा माग गेला न्हवं? मग त्यो लाल धोटा मला द्या की. सूत लई हलकं येतंय त्येचं."

नरसय्याच्या हातातला गज तसाच राहिला. सूत हलकं येतंय की जड, हे ओठांनाच कळतं. त्यानं धुळाप्पाकडं पाहिलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं.

"घ्या की," येडू घाईनं म्हणाला.

त्यानं धोटा उचलला. धोतराच्या सोग्यानं भोकाची ओली कड पुसली, कोरडी होईपर्यंत पुसली. मग धोटा मागाच्या फळीवर ठेवला आणि धुळाप्पाला घेता यावा म्हणून मागं सरला.