पहिल्या रांगेतली खुर्ची

व्यासपीठावर प्रतीक्षाचा आवाज आता कापत नसे. थोरली मुलगी स्वरा गेल्यावर तिच्यावर लिहिलेलं पुस्तक घेऊन ती गावोगावी फिरत होती, आणि समोर बायका डोळे पुसत असल्या तरी ती शांतपणे पान उलटायची. चार वर्षांची ओवी मात्र तिला नजरेसमोरच हवी असायची, पहिल्या रांगेत.

नांदुऱ्याच्या वाचनालयात सत्कार झाल्यावर तिथल्या भिमाबाईंनी चहासोबत दुधाचे दोन पेले आणले.

"पोरींले देतो हे," त्या म्हणाल्या.

"एकच आहे हो माझी," प्रतीक्षा हसून म्हणाली. थोड्या वेळानं पाहिलं तर दोन्ही पेले रिकामे होते.

साखरखेर्ड्याला संयोजक धम्मरत्न सरांनी ओवीच्या हातात दोन गुलाब दिले. दोन कशाला, असं प्रतीक्षानं विचारलं, तर ते सहज म्हणाले, "एकच दिला असता तर भांडल्या असत्या ना मॅडम दोघी."

गर्दीत माणसं गोंधळतात, असं तिनं स्वतःला बजावलं.

रोहिणखेडच्या शाळेत वाचन रंगलं असताना ओवी खुर्चीच्या कडेला सरकून बसली आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत मान डोलवू लागली. प्रतीक्षा एका शब्दालाही अडखळली नाही. पान संपल्यावर मात्र ती टाळ्यांसाठी थांबली नाही, सरळ खाली उतरली.

"कोणाशी बोलत होतीस गं?"

"ताईशी." ओवी खुशीत होती. "ती म्हणे, माझं पुस्तक झालं. आता आई तुझं लिहील."