पाठीला ढाल
ऐक ना नुसतं! जुन्या ग्रीसमधल्या थीब्स नगराचं सैन्य, पंचवीस रांगा एकीमागे एक. पहिल्या रांगेत केफिस, त्याच्या मागे थोरला भाऊ दामोन, ढाल धाकट्याच्या पाठीला टेकवून. मागच्यानं पुढच्याला रेटायचं, बस्स! “दादा, कांदा खाऊन मानेवर फुंकू नकोस रे!” “गप, पुढे बघ!” मग शत्रूशी टक्कर झाली. दामोन जीव खाऊन रेटत राहिला. धाकट्याची थट्टामस्करी कधी थांबली, कळलंच नाही. पाहतो तर त्याच्या मानेतून रक्त वाहतंय, पाय गळालेत, तो नुसता ढालीच्या आधारानं उभा आहे. तेवढ्यात रणशिंग वाजलं: सगळ्यांनी एक पाऊल मागे! शेजारचा ओरडला, “दामोन, सरक ना लेका, तू थांबलास तर रांग तुटून माझी बाजू उघडी पडते!” “दादा,” केफिस पुटपुटला, “ढाल काढू नकोस.” दामोननं डोळे मिटून पाऊल मागे घेतलं. सांग, तू काय केलं असतंस?