श्वासातली रेषा

"सर, जरा हा फुगा फुगवून द्या," मृण्मयी म्हणाली. वायूतला घटक न् घटक ओळखणारा टेराहर्ट्झ स्पेक्ट्रोमीटर तिने पीएचडीसाठी स्वतः उभारला होता. पण प्रत्येक घटकाची ओळख असलेल्या शेजारशेजारच्या रेषा पडद्यावर कायम एकमेकींत मिसळून यायच्या. आज तिने सगळे आरसे नव्याने जुळवले होते.

तिचे मार्गदर्शक हुद्दार सर यांनी फुगा फुगवला. त्यातला थोडासा श्वास तिने निर्वात नळीत सोडला. वाफेच्या रेषा सुयांसारख्या सुट्या उभ्या राहिल्या आणि मृण्मयीचे डोळे भरून आले. मग तिला त्यांच्यातच एक बारीक, अनोळखी रेषा दिसली. ती तक्त्याशी ताडून पाहिल्यावर मृण्मयीने वळून सरांकडे पाहिलं.

"काय आहे ते?" सरांनी विचारलं.

"हायड्रोजन सायनाइड. सिगारेटच्या धुरात असतं." ती चाचरली. "सर, बायपासनंतर तुम्ही सोडली होती ना?"

सर ओशाळले. खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. पण त्यांची नजर पडद्यावरून हलेना आणि चेहऱ्यावरचं हसू लपेना.

"आत्ताच गच्चीत एक ओढून आलो. घरी वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही, तुझ्या यंत्राला लगेच लागला," ते म्हणाले. "आता प्रबंध लिहायला घे."