दंडात रुतणारी बाही

अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून नवरा वाळतच चालला होता, आणि शिवणकाम करणारी बायको त्याचे शर्ट शिवणीत आत घेऊन लहान करत होती. डॉक्टर दर खेपेला फुप्फुसं, यकृत तपासून "एकदम स्वच्छ!" म्हणत.

आज शर्ट चढवताना तो खूश होऊन ओरडला, "अगं, उजवी बाही दंडात रुततेय! तुझ्या पाणचट सूपवरसुद्धा माणूस पैलवान होतो बघ!"

"भरलात एकदाचे," ती हसली. बाही उसवण्याआधी धंद्याच्या सवयीने तिने दोन्ही दंडांना टेप लावली.



डावा मागच्यापेक्षाही बारीक भरला, उजव्यात बोटांना टणक गाठ लागली, आणि तिने हळूच विचारलं, "अहो, डॉक्टरांनी तुमचा हात कधी बघितला होता का?"