उभी राणी

"माझा राजा कुठे?"

शिवकामीने अजून चपलाही काढल्या नव्हत्या. तिला जवळ घेता घेताच गंगाबाईंनी विचारलं.

विजयादशमीची संध्याकाळ होती. घरात कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या मांडणीच्या, पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या. सगळ्यांत वर लाकडाची राणी, एकटी. आज राजाराणीची जोडी शेजारी शेजारी निजवायची आणि मग कोलू उतरवायचा, अशी तंजावरातली रीत. गंगाबाईंनी ती चाळीस वर्षं पाळली नव्हती. एकटीला कसं निजवायचं? राणी वर्षभर कपाटातही उभीच असे.

"आत्याबाई, पाय दुखत असतील हो तिचे," सून कीर्तना दरवर्षी चिडवायची.

"राजा आला की निजेल."

राजा श्रीलंकेत, जाफन्याला होता. शिवकामी तिथून वीणा शिकायला आली, याच घरात राहिली, घरची मराठी बोलू लागली. त्र्याऐंशी साली लग्नासाठी परत निघाली, तेव्हा गंगाबाईंनीच राजा तिच्या पिशवीत घातला होता. "अर्धी जोडी तुझ्याकडे. पुढच्या नवरात्रात नवऱ्याला आणि याला, दोघांना घेऊन ये."

त्याच वर्षी तिकडे पेटलं. पुढे बोट थांबली. दोन्ही सरकारं आधी एकमेकांवर रुसली, मग अतिरेक्यांना धरायला एक झाली. रुसवा होता तेव्हा बोट बंद, मैत्री झाली तेव्हाही बंद. जाफन्याचं पत्र आलं की मागोमाग पोलीस चौकशीला येत. मग पत्रंही थांबली. आता कुठे नागपट्टणमहून बोट सुरू झाली होती. नवरा गेल्याचं शिवकामीने फोनवर सांगितलं होतं. कसा, ते सांगितलं नव्हतं.

"बंदरात काढून घेतला का गे? फार तपासतात म्हणे."

शिवकामीने नकारार्थी मान हलवली. ती कोलूसमोर बसली.

"रुसू नको, अक्का. अतिरेकी शोधायला सैनिक आले आणि यांना घेऊन गेले. शाळेत गणित शिकवायचे गे ते. मागे काहीच आलं नाही. देह नाही, तर लाकडाचा माणूस ठेवून अग्नी द्या, असं गुरुजी म्हणाले." तिने राणीकडे पाहिलं. "घरात तेवढा एकच होता."

कीर्तनाने हरभऱ्यांच्या सुंडलाची वाटी खाली ठेवली.

गंगाबाई उठल्या. त्यांनी राणीला दोन्ही हातांनी उतरवलं, तिची जरीची साडी सारखी केली आणि तिला शिवकामीच्या मांडीवर आडवं ठेवलं.

"तूच निजव तिला. फार वर्षं उभी आहे."